घर तुमचं, बेल माझा

लग्न होऊन लातूरला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक परका म्हातारा आमच्या घरातून चालत गेला. घराजवळून नव्हे, घरातून. मी चुलीपुढे पोतेरं घेऊन बसले होते. दाराशी कुणीतरी खाकरलं, वहाणा काढल्याचा आवाज आला आणि पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल, कपाळावर विभूतीचे पट्टे असा एक उंच माणूस बैठकीतून माजघरात आला, माझ्या शेजारून गेला आणि मागच्या अंगणात नाहीसा झाला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी नांदेडची. आमच्याकडे दारात उभं राहून आवाज दिल्याशिवाय सख्खा मामाही आत येत नाही. पोतेरं तिथेच टाकून मी आत्याबाईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, धावले.

"आत्याबाई, कुणीतरी माणूस मागं गेला!"

"अप्पा असतील," त्या म्हणाल्या आणि ज्वारी पाखडत राहिल्या.

"कोण अप्पा?"

"घर ज्यांचं होतं ते."

"होतं ना? मग आता कसे काय आले?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. नव्या सुनेला एवढे प्रश्न पडतात याचं त्यांना नवल वाटलं असावं. "घर आपलं हाय, बेल त्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "कळंल तुला हळूहळू."

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय रे, आज पानं दडवून ठेवलीस व्हय? समोर सगळी किडकी दाखवतोस अन् चांगली मागं लपवतोस? कामचोर कुठला!" मी दाराआडून डोकावले. अंगणात दुसरं कुणीच नव्हतं. अप्पा बेलाच्या झाडाला रागावत होते. मोंढ्यातल्या हमालाला झापावं तसं झापत होते आणि एकेक पान उलटंपालटं करून, फुंकर मारून, रुमालात ठेवत होते. भोक पडलेलं पान आलं की झाडाच्या तोंडासमोर धरून त्याला दाखवत. झाडाला तोंड असतं, आणि ते कुठल्या बाजूला असतं, हे त्यांना माहीत असावं.

पानं घेऊन ते आले तसे परत गेले. जाताना मात्र माझ्याशी थांबले. "नांदेडची का?"

"हाव," मी म्हणाले.

"हाव म्हणं!" ते हसले. "इथं 'व्हय' म्हणायचं." आणि वहाणा घालून निघून गेले. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्यासमोर मुद्दाम 'हाव'च म्हणत राहिले.

आमचे मामंजी, म्हणजे सासरे, चाकूरकडच्या एका खेड्यातले. मोठ्या दुष्काळात विहीर तळाला गेली तेव्हा बायकोपोरांना घेऊन ते लातूरला आले आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून लागले. धान्य मापून द्यायचं हे काम. अप्पांची तिथे आडत होती. शेतकऱ्याचा माल विकून द्यायचा आणि मधली दलाली घ्यायची, हा अप्पांचा पिढीजात धंदा. पण त्या वर्षी गावांतून मालच येईना. आडतीच्या गाद्यांवर धूळ बसली. मग अप्पांनी गावाच्या टोकाला असलेलं आपलं एक लहानसं घर विकायला काढलं, आणि मामंजींनी गावाकडचं होतं नव्हतं ते विकून ते घेतलं. तेच हे आमचं घर.

घेतलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. त्या काळी मोंढ्यात भाव तोंडाने बोलत नसत. देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहत, दोघांचे हात एका रुमालाखाली जात, आत बोटं धरून भाव ठरे. भोवतीच्यांना दिसे ते एवढंच की रुमाल हलतो आहे आणि एकाच्या कपाळाला आठी पडली आहे. असे सौदे धान्याचे होत. घराचा सौदा असा कुणी करत नाही. अप्पांनी केला. आडतीच्या दारात, चार माणसांदेखत, त्यांनी खांद्यावरचा रुमाल स्वतःच्या आणि मामंजींच्या हातावर टाकला. बराच वेळ आत काहीतरी चाललं. मग अप्पांनी मान हलवली आणि रुमाल झटकून पुन्हा खांद्यावर घेतला.

"झालं," ते म्हणाले. "घर तुमचं, बेल माझा. मी रोज पानाला येणार. पाणी तुम्ही घालायचं."

गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असलेला माणूस, रोज पूजेला बेल लागायचा, आणि हे झाड त्यांनी स्वतः लावलेलं. घर सोडवलं त्यांना, झाड सोडवलं नाही. पण त्या वर्षात झाडाला पाणी घालायचं कबूल करणं सोपं नव्हतं. पिण्याच्या पाण्यासाठी आत्याबाई घागर घेऊन कुठल्या कुठे जात. मग त्यांनी एक युक्ती काढली. माझी धाकटी नणंद तेव्हा लहान होती, तिला त्या बेलाच्या आळ्यात उभी करून आंघोळ घालू लागल्या. अप्पांनी ते पाहिलं. आता हे चिडणार, असं आत्याबाईंना वाटलं. अप्पा एवढंच म्हणाले, "साबण लावू नका." नणंद तो सबंध दुष्काळ बिनसाबणाची राहिली आणि बेल जगला.

मामंजींनी त्या वेळी कागदाचं विचारलं होतं. अप्पांना ते फार लागलं. "कागद कशाला? मी जित्ता हाय न्हवं?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. बँकेत खातं काढायला गेले, साहेबाने सही मागितली, तर "मी जित्ता इथं उभा हाय, सही कुणाची पायजे?" असं विचारून परत आले. त्यांच्या स्वतःच्या नावावर कुठे काहीच नव्हतं. आडत भावाच्या नावावर. आम्हाला विकलेलं घरसुद्धा मुळात त्यांनी मुलाच्या नावावर घेतलेलं होतं, मुलगा शाळेत जात होता तेव्हा. आपलं नाव कागदावर चढलं की आपण निम्मे मेलो, असं काहीसं त्यांच्या डोक्यात असावं. विचारलं तर ते चिडत, म्हणून कुणी विचारत नसे.

आणि त्यांचा तो रुमाल! मोंढ्यातली जुनी पद्धत बंद झाली, भाव मोठ्याने पुकारायचा असा नियम आला, आडत भावाने सांभाळायला घेतली, तरी अप्पांचा हात रुमालाखालीच राहिला. एकदा गल्लीत भाजीवाली आली होती. अप्पांनी कोथिंबिरीची जुडी उचलली आणि सवयीने तिच्या हातावर रुमाल टाकून बोट धरलं. तिने अशी किंकाळी फोडली की आम्ही सगळ्याजणी बाहेर आलो. "हात कशाला धरून राहिला रे म्हाताऱ्या? लाज न्हाई वाटत?" अप्पांना आपलं काय चुकलं तेच कळेना. "भाव सांगतोय बाई," ते म्हणाले, "चारचौघांत कोथमिरीचा भाव मोठ्यानं कसा सांगू?" आत्याबाई पदर तोंडात धरून हसत होत्या. शेवटी मीच पैसे देऊन जुडी घेतली आणि अप्पांच्या हातात दिली.

हसत होतो, पण घरात एक धास्ती कायमची मुक्कामाला होती. अप्पा जित्ते आहेत तोवर घर आपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. म्हणून पहाटेपासून आत्याबाईंचे कान दाराकडे असत. खाकरणं ऐकू आलं की त्यांचा चेहरा सैल पडे. आवाज जरा घोगरा वाटला की लगेच मला खूण करत, मग मी आलं घातलेलं गरम दूध पुढे करत असे. थंडीत त्यांच्या अंगावर शाल नाही हे दिसलं की मामंजी आपली काढून देत. आमच्या घरात मामंजींच्या पडशाची कुणी दखल घेत नसे, पण अप्पांना शिंक आली तर काढा उकळायला ठेवला जाई.

एका हिवाळ्यात अप्पा दोन दिवस आलेच नाहीत. पहिल्या दिवशी आत्याबाई नुसत्या आत-बाहेर करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मामंजींनी ताट पुढे सारलं आणि टोपी घालून निघाले. तास-दीड तासाने अप्पांना घेऊनच परत आले. अप्पा उदगीरला भाचीच्या लग्नाला गेले होते आणि नुकतेच गाडीतून उतरले होते. आत्याबाई त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी बोलल्या. "सांगून जायचं न्हाई का? इथं जीव टांगणीला लागला आमचा!" अप्पा ओशाळले. एवढी माया आपल्यावर कुणाची असेल, असं त्यांना वाटलं नसावं. ते आम्हाला लग्नातले लाडू देऊन गेले. खरं सांगायचं तर आम्हाला त्यांची काळजी होती की घराची, हे आमचं आम्हालाही नीट सांगता आलं नसतं. तो लाडू मला गोड लागला नाही.

अधूनमधून मामंजी कागदाचा विषय काढत. आधी अप्पा म्हणत, "पाऊस पडू द्या." पाऊस पडला. मग म्हणाले, "बाजार सावरू द्या." बाजार सावरला. मग लातूरचा वेगळा जिल्हा होणार अशी बोलणी सुरू झाली, तेव्हा ते म्हणू लागले, "जिल्हा होऊ द्या, कलेक्टर हितंच येतोय. करून टाकू."

जिल्हा झाला. गावभर गुलाल उडाला, अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. बेलाच्या बुंध्याशीसुद्धा एक पेढा ठेवला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीच्या पलीकडच्या पडीक रानात साखळ्या घेऊन माणसं मोजणी करताना दिसू लागली. नव्या कचेऱ्या तिकडेच होणार होत्या. काल जिथे शेळ्या चरत होत्या तिथे प्लॉटचे दगड रोवले गेले. आमचं गावाच्या टोकाचं घर बघता बघता मोक्याचं झालं. येणारेजाणारे उभे राहून घराकडे बघत, पावलांनी रुंदी मोजत. आत्याबाईंना ते आवडत नसे. त्या दार लोटून घेत.

मग अप्पांच्या मुलाची नोटीस आली. तुम्ही आमचे भाडेकरू आहात, घर रिकामं करून द्या, असं त्यात होतं. माझे यजमान तेव्हा नांदेडला विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर होते, म्हणून ती नोटीस मीच मामंजींना वाचून दाखवली. मामंजींनी ती परत वाचायला लावली. आत्याबाई मधेच उठून अंगणात गेल्या आणि भर दुपारी बेलाला पाणी घालत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आले. खाकरले, आत गेले, झाडाला रागावले, पानं घेतली. मामंजींनी नोटीस पुढे धरली. अप्पांनी कागदाला हात लावला नाही.

"पोरगं खुळं हाय," ते म्हणाले. "मी सांगतो त्याला. मी जित्ता हाय न्हवं?"

पण पोरगं आता पोरगं राहिलं नव्हतं, आणि अप्पा त्याच्या घरात त्याच्या ताटावर जेवत होते. मामंजी मुलालाही भेटले. तो काही उर्मट नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा दिला. "काका, मी तेव्हा ल्हान होतो," तो म्हणाला. "अप्पांनी काय ठरवलं, रुमालाखाली काय झालं, मला काय ठावं? कागदावर माझं नाव हाय. तुमच्यापाशी कागद असंल तर दाखवा."

दावा उभा राहिला. आमच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "विचारल्याशिवाय रोज घरात येतो, आपल्या झाडाची पानं तोडतो, तुम्ही त्याच्या झाडाला पाणी घालता. अहो, हे तर घरमालकाचं वागणं झालं! समोरचा वकील हेच सांगणार. उद्यापासून दार बंद ठेवा."

आत्याबाईंना ते पटलं. आधीच त्यांच्या मनात खदखदत होतं. ज्याचा पोरगा आपल्याला रस्त्यावर काढायला निघालाय त्याने रोज आपल्या चुलीशेजारून जावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला आतून कडी घातली. ठरल्या वेळी खाकरणं ऐकू आलं. वहाणा काढल्या गेल्या. दार ढकलल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. अप्पांनी कडी वाजवली नाही, हाक मारली नाही. त्यांना या घराचं दार वाजवायची सवयच नव्हती. ते ओट्यावर बसून राहिले. आम्ही तिघं आत उभे. मी फटीतून पाहिलं, तर ते मांडीवर रुमाल पसरून, दार उघडण्याची वाट बघत, रस्त्याकडे बघत होते.

मामंजींनी जाऊन कडी काढली.

"तुमाला घर घालवायचं हाय का?" आत्याबाई दबक्या आवाजात ओरडल्या.

"बेल त्यांचा ठरला होता," मामंजी म्हणाले. "त्यांच्या पोराकडं कागद हाय. आपल्याकडं काय हाय? तो एक शब्दच हाय न्हवं? त्यातला अर्धा मीच मोडला तर मग कशाच्या जिवावर भांडू?"

त्या दिवसापासून आत्याबाईंनी अप्पांना दूध देणं बंद केलं. काळजी मात्र बंद करता आली नाही. उलट वाढली, कारण आता अप्पा आमचे साक्षीदार होते.

साक्षीच्या दिवशी मामंजींबरोबर मीही कोर्टात गेले. आधी एका जुन्या हमालाची साक्ष झाली. सौदा झाला तेव्हा तो तिथे उभा होता. "काय ठरलं त्यांच्यात?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "मला काय ठावं साहेब? हात रुमालाखाली होते की." सगळे हसले. मामंजी हसले नाहीत.

मग अप्पांना बोलावलं. ते पिंजऱ्यात जाऊन ताठ उभे राहिले. शपथ घ्या, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. "शपथ कशाला? गळ्यात लिंग हाय. खोटं बोलायचं असतं तर शपथ घेतली असती."

न्यायाधीश समंजस होते. शपथ नको तर नुसतं प्रतिज्ञेवर सांगा, असं त्यांनी समजावलं. अप्पांना त्यात फरक दिसेना. आज खरं बोलीन असं सांगायचं, म्हणजे एरवी खोटं बोलतो असं कबूल करायचं, असा त्यांचा हिशेब. वरून शेवटी सही करावी लागेल हे कळल्यावर तर ते पायरी उतरूनच आले. "विचारायचं ते घरी येऊन विचारा," ते न्यायाधीशांना म्हणाले, "मी कुठं जात न्हाई." त्यांची साक्ष नोंदलीच गेली नाही. मला संताप संताप आला. आमचं सगळं घर या माणसाच्या एका वाक्यावर लटकलेलं, आणि हा आपला ताठा घेऊन धोतराचा सोगा सावरत बाहेर चाललेला! बाहेर त्यांनी मला शेंगदाणे देऊ केले. मी घेतले नाहीत.

"रागावलीस का?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले. या वेळी त्यांनी माझं 'हाव' दुरुस्त केलं नाही.

पुढे कोर्टाने घर बघायला एक कमिशनर नेमला. कमिशनर म्हणजे एक तरुण वकीलच. घरात कोण राहतं, कोण कसं वावरतं, हे बघून त्याने लिहून द्यायचं होतं. अप्पांच्या मुलाने आग्रह धरला की त्याने सकाळीच यावं. त्याप्रमाणे तो आला, टेप लावून खोल्या मोजल्या, अंगणातला बेल पाहिला. गल्ली गोळा झाली. आमच्या वकिलांनी आत्याबाईंना बजावून ठेवलं होतं, की कमीत कमी बोला, तोंडून एक शब्द जादा गेला तर तो तुमच्यावरच उलटेल. आत्याबाई उंबऱ्याच्या आत, पदर घट्ट लपेटून उभ्या होत्या.

"आता बघा साहेब," मुलगा कमिशनरला म्हणाला. "अप्पा येतील अन् सरळ आत जातील. रोजच जातात. मालकाला कुणाला विचारावं लागतं का?"

अप्पा आले. ओट्याच्या पायरीपाशी थांबले. खाकरले नाहीत. वहाणा काढल्या नाहीत. त्यांनी गोळा झालेली माणसं पाहिली, मुलाला पाहिलं, आणि मग उंबऱ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आत येऊ का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. "या," आत्याबाई कशाबशा म्हणाल्या.

अप्पांनी वहाणा काढल्या, ओटा चढून उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी दोन्ही हातांवर पसरला आणि हात पुढे केले. "तुमच्या झाडाची चार पानं मिळतील का पूजेला?"

आमच्या भागात कुणी चार मिरच्या मागो की कढीपत्त्याची काडी, जीभ आपोआप म्हणते, "घ्या की, तुमचंच हाय." आत्याबाई जन्मभर सगळ्यांना हेच म्हणत आल्या होत्या. आणि कमिशनर पेन उघडून उभा होता. मला त्यांचे ओठ हलताना दिसले. "घ्या की, तु..." एवढं बाहेर पडलं, आणि त्यांनी पदर तोंडावर दाबला. मागे कुणीतरी खोकलं. अप्पा हात पुढे करून तसेच उभे होते.

"घ्या," आत्याबाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अप्पा आत गेले. मागच्या अंगणातून काही आवाज येतो का म्हणून मी कान दिला. ते बेलाला रागावले नाहीत. लोकांच्या झाडाला कसं रागावणार? मुकाट्याने चार पानं घेऊन ते बाहेर आले. मुलगा खाली मान घालून बापाच्या वहाणांकडे बघत होता. कमिशनरचं लिहून व्हायच्या आतच तो निघून गेला.

आमचे वकील म्हणाले, याने काही निकाल लागत नाही, कायद्याला कागद लागतो. म्हणजे धास्ती होती तिथेच होती. पण महिनाभराने एका सकाळी मुलगा स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसला. अंगाने उतरला होता.

"काका, चला, कागद करून टाकू," तो मामंजींना म्हणाला. "तुमाला काय सांगू, त्या दिवसापासून अप्पा घरात बी विचारून राहिलेत. पाटावर बसायचं तर 'बसू का?' पाणी प्यायचं तर 'घेऊ का?' सुनंला विचारतात, नातवाला विचारतात. म्हणलं, अप्पा, हे काय लावलंय? तर म्हणतात, घर तुझ्या नावावर हाय, विचारलेलं बरं. माझ्या घशाखाली घास उतरंना काका."

मी आत उभी राहून हे ऐकलं. कोर्टात पायरी उतरून गेलेला हा माणूस इतके दिवस काय करत होता ते मला तेव्हा कळलं. त्याला साक्ष द्यायची पद्धत ठाऊक नव्हती. त्याने आपल्या पद्धतीने दिली होती, रोज, दोन्ही वेळच्या जेवणाला.

कागद झाला. मुलाने सही केली, मामंजींनी केली. अप्पा कचेरीच्या बाहेर लिंबाखाली बसून होते, आत आलेच नाहीत. मामंजी बाहेर येऊन त्यांच्या पाया पडले. "झालं का?" अप्पांनी विचारलं. "मी तर कवाच विकलं होतं."

त्यांनी घरात मुलाला विचारणं त्या दिवसापासून थांबवलं. आमच्या दारात मात्र रोज खाकरून थांबायचे. "बाई, आत येऊ का?" आत्याबाईंना ते सोसत नसे. दूध त्यांनी केव्हाच पुन्हा सुरू केलं होतं. "अप्पा, आता तरी विचारू नका हो. आता काय कुणी लिहून घेत न्हाई. तुमचाच बेल हाय," त्या विनवत.

"न्हाई बाई. चारचौघांत तुमचा म्हणलो. आता तुमचाच."

आणि झाडाला ते पुन्हा कधी रागावले नाहीत.

अशी काही वर्षं गेली. मग एका सकाळी खाकरणं आलं नाही. आत्याबाई उठून दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. घराचा कागद आत पेटीत होता, घराला कसलं भय उरलं नव्हतं. तरी त्यांचा चेहरा अगदी तसाच झाला होता, अप्पा उदगीरला गेले होते तेव्हा झाला होता तसा. मला इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं. काळजी कुणाची होती ते.

ऊन वर आलं तेव्हा अप्पांचा मुलगा आला. पायात वहाणा नव्हत्या. पायरीपाशी थांबला. "काकू, आत येऊ का?" त्याचा आवाज फुटला. "अप्पांना बसवायचंय. बेल पायजे होता." त्यांच्यात माणसाला बसवून मूठमाती देतात आणि अंगावर विभूती-बेल वाहतात.

"विचारतोस काय रे?" आत्याबाई म्हणाल्या. "त्यांचाच हाय."

त्याला तिथेच उभा ठेवून त्या स्वतः अंगणात गेल्या. मी परात घेऊन मागे गेले. बेलासमोर उभं राहून त्यांनी पदर खोचला, एक फांदी खाली ओढली, आणि इतक्या वर्षांनी त्या अंगणात पुन्हा कुणीतरी झाडाला रागावलं.

"दडवू नको," आत्याबाई रडत रडत म्हणत होत्या, "चांगली पानं मागं दडवू नको आज. कामचोर कुठला!"